साडेसात तासांचा निवाडा, आठ तासांचा करार: भोंगा कुठल्या कागदावर?

(कारखान्यातल्या तिघांचा वाद; ‘जुना निवाडा’, ‘बहुमतवाला’ आणि ‘पाळीपत्रक’ ही त्यांची टोपणनावं.)

जुना निवाडा
समजा, एका युनियनच्या मागणीवर औद्योगिक न्यायाधिकरणाने (मालक-कामगार वाद सोडवणाऱ्या न्यायपीठाने) साडेसात तास कामाचा निवाडा दिला, जेवणाची सुट्टी वेगळी. पुढे दुसरी युनियन वाढली आणि तिने पगारवाढीच्या बदल्यात आठ तास मान्य केले. माझं मत स्पष्ट आहे: निवाडा रीतसर संपवल्याशिवाय हा करार बाकीच्यांवर लादता येत नाही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात (21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली; इथली कलमं जुन्या कायद्याची) कलम 18(3) प्रमाणे निवाडा सगळ्या कामगारांना लागू होता, नंतर भरती झालेल्यांनाही. वर्षाची मुदत उलटली तरी नोटीस देऊन दोन महिने होईपर्यंत तो चालूच राहायचा. आपसातला करार मात्र 18(1) खाली फक्त सही करणाऱ्या पक्षांपुरता असायचा.

बहुमतवाला
त्याच कायद्याचं कलम 19(7) सोडलंत. निवाडा संपवायची नोटीस बहुमताचं प्रतिनिधित्व करणाऱ्यानेच द्यायची, म्हणजे किल्ली मोठ्या युनियनकडेच. नोटीस द्या, दोन महिने थांबा, मग समेट अधिकाऱ्यापुढे (मालक-कामगारांत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापुढे) करार करा; तो अल्पमतातल्या युनियनलाही बांधतो. बरौनी रिफायनरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये हेच सांगितलं. आणि एका शेडमध्ये दोन वेळापत्रकं चालवणार कशी? जनरल पाळीत क्रेनचालक 4 ला उतरला आणि साखळी अडकवणारा 4:30 पर्यंत थांबला, तर तो अर्धा तास कुणाच्याच कामाचा नाही.

जुना निवाडा
क्रेनची अडचण खरी, पण त्यासाठी कामगाराने फुकट का राबावं? सहा दिवसांचे 45 तास होते, ते 48 झाले. वाढ 6.67 टक्के. पगारवाढ याहून कमी असेल तर तासाचा दर उतरलाच. शिवाय नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमातला दुप्पट ओव्हरटाइम दिवसाला 9 किंवा आठवड्याला 48 तासांच्या पुढेच सुरू व्हायचा, म्हणून या अर्ध्या तासाला तो मिळत नव्हता. समेटाबद्दल म्हणाल, तर बरेचदा सगळं गेटवर ठरतं आणि टाइप केलेला कागद शिक्क्यापुरता अधिकाऱ्याकडे जातो. बाटा शूच्या खटल्यात न्यायालयाने बजावलंय की करार समेट अधिकाऱ्याच्या मदतीने आणि संमतीने झालेला हवा. तसा नसेल तर तो 18(1) चाच, सगळ्यांना बांधणारा नव्हे.

बहुमतवाला
गणित बरोबर, पण ते मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर मांडा. नुसत्या मूळ पगारावर मांडलं की वाढ फुगून दिसते. आणि करार तुकड्या-तुकड्याने तपासायचा नसतो, एकत्र तोलायचा असतो, हे हर्बर्टसन्सच्या निकालात आहे. महाराष्ट्राच्या 1971 च्या युनियन-मान्यतेच्या कायद्यात सहा महिने 30 टक्के सभासद असले की मान्यतेचा अर्ज करता येतो. इतक्या कमी पाठिंब्यावर मान्यता मिळते, म्हणून रस्सीखेच थांबत नाही. 2020 च्या संहितेतली 51 टक्के कामगारांच्या पाठिंब्याची अट मला योग्य वाटते. तेवढे कुणाकडेच नसतील, तर 20 टक्क्यांवरच्या युनियनची वाटाघाटी परिषद.

पाळीपत्रक
दोघांनाही सांगणं एकच. सहीआधी तीन कागद मागा: निवाडा संपवल्याची नोटीस व तिची पोच, त्या तारखेची सभासद यादी, आणि समेट अधिकाऱ्यापुढच्या बैठकांची नोंद. करार झाल्यास कामाच्या अटी बदलण्याआधीची, जुन्या कायद्याच्या कलम 9अ ची 21 दिवसांची नोटीस लागत नाही, असं व्यवस्थापन म्हणेल. ते खरं आहे, पण करार ज्यांना बांधतो त्यांच्यापुरतंच. बाकीच्यांचे तास त्याच्या आधारावर बदलता येत नाहीत.

जुना निवाडा
यादी मात्र पगारातून वर्गणी कापलेल्या नोंदीशी जुळवून घ्या. एकच माणूस दोन्ही युनियनच्या यादीत सापडतो आणि बहुमत तिथेच कोसळतं.