होस्टेलच्या मेसमधला नाश्ता रोज चुकतोय, तुम्ही कसं जमवता?

तांबडीमाती
मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली. एमएस्सी केमिस्ट्रीचं पहिलं वर्ष, पहिल्यांदाच घराबाहेर राहते आहे. मेसमध्ये नाश्ता साडेसात ते पावणेनऊ. नऊला प्रॅक्टिकल सुरू होतं ते दीडपर्यंत, सगळा वेळ उभ्याने. रात्री जर्नल लिहिता लिहिता एक वाजतो, सकाळी डोळे उघडत नाहीत. आठवड्यातले चार दिवस तरी मी नुसत्या चहावर लॅबमध्ये जाते.

कधी गेलेच तर सव्वाआठनंतर पातळ भाजीच्या टोपात तळाला बटाट्याचे दोन तुकडे आणि वर तेलाचा तवंग. पाव मात्र भरपूर. पण नुसता पाव चहात बुडवून खाल्ला की अकराच्या सुमारास हात थरथरायला लागतात. परवा टायट्रेशन करताना ब्युरेटचा (थेंब थेंब द्रावण सोडणाऱ्या नळीचा) कॉक वेळेवर बंद झाला नाही, फिकट गुलाबीच्या जागी गडद गुलाबी, तेही लागोपाठ तिसऱ्यांदा. मॅडम रागावल्या नाहीत. "सकाळी काही खाल्लंस का?" एवढंच विचारलं आणि मला रडू आलं.

त्यात गेल्या आठवड्यात रक्तदान शिबिरात गेले होते. बोट टोचून बघितलं तर हिमोग्लोबिन १०.८. रक्त द्यायला १२.५ लागतं, म्हणून परत पाठवलं. घरी आई सकाळी नाचण्याचं तिजन हातात द्यायची, गूळ आणि नारळाचा रस घातलेलं. पेला रिकामा होईपर्यंत दारातून हलायची नाही. तेव्हा मी चिडायचे.

रूमवर शिजवायला परवानगी नाही. मेसचे पैसे आधीच भरलेत, त्यामुळे रोज बाहेर भाजीपाव खाणं परवडत नाही. तुम्ही काय करत होता?

जुनी_मेस_सेक्रेटरी
दोन वर्षं हे काम केलंय म्हणून सांगते. भाजी का संपते, तर आचारी काल किती ताटं लागली त्या अंदाजाने टोप चढवतो. तुम्ही पंधराजणी आला नाहीत की दुसऱ्या दिवशी पंधराजणींची भाजी कमी होते. आम्ही रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर एक वही ठेवली होती. सकाळी येणार असेल तिने नाव लिहायचं, उशीर होणार असेल तर पुढे खूण करायची. खूण असलेल्यांची वाटी आचारीकाका झाकून बाजूला ठेवायचे. एकदा नाव लिहून गेलं नाही की काका दुखावतात, हे मात्र लक्षात ठेव.

आणि बटाट्याऐवजी अळसांद्याचं तोणाक मागा, म्हणजे चवळीसारख्या कडधान्याची वाटण घातलेली उसळ. अळसांदे आदल्या संध्याकाळी भिजत घालावे लागतात, म्हणून सकाळी मागून उपयोग नाही. जेवायच्या आधीच सांगायचं.

पोयवाला_भाचा
माझ्या मामाची भट्टी आहे. तुमच्याकडे पाव टाकणाऱ्या पोदेराला विचारा, बहुतेकांकडे पोयही असते. पोय कोंड्याची, आतून पोकळ. कडेला चीर दिली की खिसा होतो, त्यात घट्ट तोणाक किंवा ऑम्लेट भर आणि कागदात गुंडाळून चालता चालता खा. साधा पाव रश्शाने लगेच भिजून फाटतो, पोय धरून राहते. पूर्वी पीठ माडाच्या सुरेने फुगवायचे, आता जवळजवळ सगळीकडे यीस्ट. चव बदलली, पण कोंडा अजून आहे आणि पोटाला आधार होतो तो त्याचाच.

वॉर्ड_सात
मी नर्स आहे. बाळ, बायकांचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की त्याला ॲनिमियाच म्हणतात. नाश्ता सुधार, जरूर सुधार, पण १०.८ नुसत्या नाश्त्याने भरून येईल असं धरून बसू नकोस. आरोग्य केंद्रात जाऊन सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी, कर. पाळीत रक्त जास्त जात असेल तर तेही डॉक्टरांना सांग, लाजू नकोस. गोळ्या त्यांनी दिल्या तरच घे.

आज रात्रीपासून करण्यासारखी एकच गोष्ट: चहा खाण्याबरोबर घेऊ नको. कडधान्यातलं लोह चहामुळे नीट अंगी लागत नाही. खाऊन झाल्यावर तासभर थांब. तोणाकावर लिंबू पिळ, त्याने उलट लोह जास्त शोषलं जातं. लिंबू मेसमध्ये नसेल तर बॅगेत एक ठेव.

तांबडीमाती
सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवारी सीबीसीला जाते, मैत्रीण सोबत येतेय. काल जेवताना वही ठेवली, अकराजणींनी नावं लिहिली. काकांनी पाहिली आणि काही न बोलता अळसांद्याचा डबा काढला. आज आठ वाजता गेले तेव्हा टोप अर्धा भरलेला होता. पोयीचं मात्र पोदेराला अजून विचारलेलं नाही, तो साडेसहालाच येऊन जातो. उद्या गजर लावलाय.