जॅकी चॅनचा न हसणारा बाप: पटला का तुम्हाला?

शाहूपुरीकर: आमच्या पिढीनं जॅकी चॅन व्हिडिओ कॅसेटवर बघितला. शिडी, खुर्ची, हाताला लागंल त्यानं मारामारी, आणि शेवटी नावं पडताना फसलेले शॉट. म्हणूनच 'द फॉरेनर' (2017) बघा म्हणतोय. लंडनच्या बॉम्बस्फोटात पोरगी गेलेला हॉटेलवाला बाप, क्वान. उत्तर आयर्लंडात बेलफास्टला मंत्र्याच्या ऑफिसात जाऊन एकच मागतोय, बॉम्ब लावणाऱ्यांची नावं सांगा. खांदे पडलेत, आवाज चढत नाही. साठी ओलांडलेली, आणि ती लपवलेली नाही. माझ्या मते त्याचं सगळ्यात चांगलं काम हेच.

खासबाग_कट्टा: दादा, नाही पटलं. निम्मा पिक्चर मंत्री झालेल्या पियर्स ब्रॉस्ननचाच आहे. आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेचं जुनं राजकारण, मंत्र्याच्या घरातली भानगड, आणि बाप मध्येच गायब! आणि रडला म्हणजे नट मोठा, हे कुणी ठरवलं? 'पोलिस स्टोरी'त (1985) मॉलमधल्या खांबावरून दिवे फोडत घसरला, तेव्हा हात भाजले होते त्याचे. हसवत जीव धोक्यात घालणं हलकं काम वाटतंय व्हय?

पेठेतली_प्रेक्षक: हलकं कोण म्हणतंय? पण इथं मार बसला की लागतो. जंगलात एकटा बसून स्वतःची जखम निस्तरतो, ते बघवत नाही. दिग्दर्शक मार्टिन कॅम्पबेल, 'कसिनो रॉयाल'मध्ये (2006) बाँडला रक्तबंबाळ करणारा. त्याला हे जमतंय.

रंकाळा_काठ: माझी तक्रार वेगळी आहे. दुःखी बाप पुरेसा वाटला नाही, म्हणून त्याला अमेरिकन सैन्यानं तयार केलेला जुना कमांडो करून ठेवला. खरी हिंमत 'शिंजुकू इन्सिडेंट'मध्ये (2009) होती. टोकियोत चोरून राहणारा कामगार, कुंग फू नाहीच. आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 1925 साली 'सावकारी पाश' काढला. त्यात शांतारामांचा शेतकरी जमीन गमावून गिरणीत जातो. त्याला कसली गुप्त विद्या दिली होती?

खासबाग_कट्टा: हेच म्हणायचं होतं मला! अंधार दाखवायचा तर पुरता दाखवा.

शाहूपुरीकर: 'शिंजुकू' बघितला नाही, बघतो. कमांडोचा मुद्दा मान्य. पण तो कमांडो कळायच्या आधी क्वान पोलिस अधिकाऱ्याला पैसे देऊ करतो, फक्त त्या नावांसाठी. त्यात कुठली मारामारी आहे? तो सीन परत बघा आणि सांगा.