द्राक्ष एक्स्पोर्ट परवडत नाही, आणि दोष म्हणे मजुरांचा

दिंडोरीची लेक: काल इथे कुणीतरी लिहिलं की फुकट रेशन आणि लाडकी बहीणमुळे मजूर माजलेत, म्हणून युरोपला द्राक्षं पाठवणं परवडेना. वाचून डोकं सणकलं, म्हणून सविस्तर लिहितेय. एक्स्पोर्ट क्वालिटी म्हणता ती होते कशाने? बायका दिवसभर मान वर करून एकेका घडातले मणी कात्रीने विरळतात तेव्हा उरलेले मणी १८ एमएमला पोचतात. मग डिपिंग, एकेक घड जीएच्या, म्हणजे मणी फुगवायच्या जिबरेलिक अॅसिडच्या, मगात बुडवायचा, अख्खी बाग तशीच. माझी आई हेच करायची, संध्याकाळी वेणी घालायला हात वर जायचे नाहीत, मी घालून द्यायचे. औषध कोपरापर्यंत ओघळायचं आणि ग्लोव्हज बाहेर निघायचे ते ऑडिटवाला यायच्या दिवशी. २०१० ला क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरून युरोपने माल नाकारला तेव्हा सगळी यंत्रणा हलली. मण्यात काय उतरलं ते तपासता, मग तो घड विरळणारीच्या हातात किती पैसे पडले ते का नाही तपासत?

निफाडचा बागायतदार: ताई, तुमच्या आईबद्दल आदर आहे, पण बाग आमची आणि कर्जही आमचंच. मुकादम आगाऊ उचल घेतो आणि ऐन डिपिंगला मजुरांची टोळी दुसऱ्याच्या बागेत नेतो. जीएची वेळ हुकली की साइझ गेली, मग तो माल लोकलला. हे नुकसान कोण भरून देणार?

पेठ तालुका: उचल मुकादम घेतो, फेडतात बायका. गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात सकाळी एकदा येऊन उभे राहा, मग माज कुणाला आहे ते कळेल. लाडकी बहीणच्या १५०० रुपयांत महिना निघतो का हो? घरात चुलीला काही असलं तर माणूस पडेल भावाला नाही म्हणतो, एवढंच झालंय.

पॅकहाऊसमधला: दोघंही भलत्याच टोकाला चाललात. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून गेले, प्रवास लांबला, तिकडे क्वालिटी क्लेम, म्हणजे माल खराब म्हणून पैशांची कपात, लागला आणि तो कापला शेतकऱ्याच्या बिलातून. यात मजुराचा काय संबंध?

निफाडचा बागायतदार: आता मुद्द्याचं बोललात! आणि क्लेमचा फोटो मागितला तर मिळत नाही. आमच्या गावात एक व्यापारी अर्ध्या गावाचे पैसे बुडवून पळाला, चेक बाउन्स, पोलिसात तक्रार, अजून काही नाही.

ओझरकर: आमच्याकडेही तेच. बाग बघायला आला तेव्हा गोड बोलला, माल निघाल्यावर फोन बंद. आधी या व्यापाऱ्यांना परवाना आणि बँक गॅरंटी सक्तीची करा, मग बाकीच्या गप्पा.

पिंपळगाव: +१. आणि ज्याच्या सौद्याला काही कागदच नाही त्याने काय करायचं?

दिंडोरीची लेक: बघा, मजुरांचा विषय निघाला आणि तिसऱ्या उत्तराला गायब झाला. दरवेळी हेच.

नेदरलँड्सहून: मी रॉटरडॅमजवळ राहतो, इथे नाशिकची द्राक्षं ५०० ग्रॅमच्या पनेटमध्ये, म्हणजे छोट्या डब्यात, सुपरमार्केटला असतात. जर्मनीत २०२३ पासून पुरवठा साखळीचा कायदा आहे, मोठ्या कंपन्यांनी मानवी हक्क बघायचे. पण नियमित तपासणी मुख्यतः थेट पुरवठादाराची, त्याच्याखाली काही ठोस कानावर आलं तरच. सुपरमार्केटचा थेट पुरवठादार इथला आयातदार. त्याच्याखाली एक्स्पोर्टर, मग बागायतदार, मग मुकादम. टोळी पाचव्या पायरीवर. तिथून तक्रार कोण करणार आणि कुठल्या भाषेत?

निफाडचा बागायतदार: बरं, पाणी, सावली, संडास, ग्लोव्हज हे माझ्या बागेत व्हायला हवं, मान्य. पण मजुरी वाढवायची तर आधी एक्स्पोर्टरने मला लेखी दर द्यावा, आणि तोही माल निघायच्या आधी.

पेठ तालुका: तुम्हाला लेखी पाहिजे ना, मग आम्हालाही. उक्त्याचा एकरी भाव मुकादमाच्या कानात नको, बायकांसमोर ठरवा.

निफाडचा बागायतदार: आणि मुकादम चिडून टोळी घेऊन गेला तर विरळणीला तुम्ही येणार का?

पेठ तालुका: बायकाच येतील. त्यांना थेट फोन करून बघितलाय कधी?