पिकवण्याइतकंच टिकवणंही

ड्रोन आणि जीएम (जनुकीय बदल केलेल्या) बियाण्यांशिवाय जगातल्या 800 कोटी तोंडांना अन्न पुरणार नाही, असं आधुनिक शेतीबद्दल बोलताना बरेच जण म्हणतात. पुरणार नाही हे मान्य, पण चर्चा सगळी पिकवण्यावरच अडकलीय. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार 2022 मध्ये दुकानं, हॉटेलं आणि घरं मिळून 105 कोटी टन अन्न वाया गेलं. शेतातली नासाडी यात धरलेलीच नाही.

आमच्या कांदाचाळीचंच, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडचंच सांगतो. एप्रिलात उन्हाळ कांदा भरला. मजूर घाईत होते, पात कापताना मान, म्हणजे कांद्यावरचा पातीचा बुडखा, ठेवलीच नाही, अगदी कांद्यालगत छाटली; अशा उघड्या कापातून सड आत शिरते. ऑगस्टात चाळीजवळ गेलं की तो आंबूस वास यायचा. वरचे कांदे ठणठणीत, हात आत घातला की बोटं चिकट. उरलेल्याला सप्टेंबरात कोंब फुटले. शंभर क्विंटल भरले होते, निघाले पासष्ट.

कोंबांवर उपाय आहे. लासलगावला 2002 पासून भाभा अणुसंशोधन केंद्राचा विकिरण प्रकल्प आहे. गॅमा किरणांच्या अगदी कमी मात्रेने कोंब थांबतो, कांदा किरणोत्सारी वगैरे काही होत नाही. पण सड थांबत नाही आणि वजनही घटतंच, त्यासाठी नंतर शीतगृह लागतं. ते जवळ नाही आणि परवडतही नाही. गंमत म्हणजे लासलगावच्या याच प्रकल्पात किरण देऊन 2007 पासून हापूस अमेरिकेला जायला लागला.

सध्या तरी चाळीला खालून हवा खेळती ठेवणं आणि दोन बोटं मान राखणं, एवढंच आमचं आधुनिक तंत्रज्ञान.