वावर इकून कातडी भेटत नाई

कास्तकार_आर्वी
काल एका गटावर पोस्ट फिरून रायली होती : 'ईबीवर स्टेम सेल आली, फोडांचा आजार आता मुळासकट जातो, मायबापानं वावर इकावं पण लेकरू वाचवावं.' ईबी म्हणजे एपिडर्मोलायसिस बुलोसा, जन्माचा आजार, कातडी जराशी घासली तरी फोड येते. लिवणाऱ्यानं असं लेकरू एकदा तरी मांडीवर घेतलं काय? माहा पुतण्या नऊ वर्साचा. वयनी रोज सकाळी त्याचे पाय मिठाच्या कोमट पाण्यात बुडवते, चिकटलेली गॉज सुटाले दीड तास लागते. बनियन उलटी घालतो, शिवण घासली तरी फोड. मागच्या साली एका क्लिनिकवाल्यानं 'स्टेम सेलचे डोस' म्हणून साडेतीन लाख घेतले. सलाईनमधून काय गेलं देवाले ठाऊक. फोड जागच्या जागी.

खरं झालं ते जर्मनीत, २०१५ साली बोखुमले. सिरियाचं सात वर्साचं पोट्टं. इटलीच्या मिकेले दे लुकांच्या टीमनं त्याच्याच कातडीचा तुकडा घेतला, पेशीत चांगलं जनुक टाकलं, कातडीचे पत्रे वाढवले अन् ८० टक्के अंगावर बसवले. ऑपरेशन करून. सलाईन लावून नाई!

लॅबवाली_अकोला
दादा, ठग क्लिनिकवाला आणि बोलणी शास्त्राला? आयसीएमआरनं, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, २०१७ सालीच लिहून ठेवलंय, रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशी बनवणाऱ्या मूळ पेशी, फक्त चाचणीतच. त्या मुलाची कातडी टिकली, कारण पत्र्यातल्या मोजक्या खऱ्या स्टेम सेल राहतात, बाकीच्या पेशी काही महिन्यांत गळून जातात. तुमच्या पुतण्याचा बहुतेक सातव्या कोलॅजनचा, म्हणजे कातडीचे थर धरून ठेवणाऱ्या प्रथिनाच्या दोषाचा प्रकार असेल, त्याचे पत्रे वेगळे. झेवास्किन नावाच्या त्या पत्र्यांना अमेरिकेत एप्रिल २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. चाचणीत ८१ टक्के जखमा निम्म्या किंवा त्याहून जास्त भरल्या, नेहमीच्या ड्रेसिंगनं १६ टक्के. हे पण सांगा ना लोकांना.

वणीचा_पप्पू
किंमत पण सांगा न ताई. ३१ लाख डॉलर! पंचवीस कोटीच्या वर. दुर्मीळ आजाराच्या धोरणात बसलं तरी केंद्र देते ५० लाखांपर्यंतच. उरलेल्यासाठी आमच्या अख्ख्या शिवाराचा सातबारा गहाण ठेवला तरी बँकवाला चहा पाजून वापस पाठवन.

मास्तर_गोंडपिपरी
मुळावर कोणी बोलत नाही. मामाची पोरगी घरातच पाहिजे, वावर बाहेर जाऊ नये, मग लेकरू असं झालं की शास्त्र आठवते.

कास्तकार_आर्वी
मास्तर, दादा आर्वीचा, वयनी भंडाऱ्याची. लग्नाआधी एकमेकांचं गाव नोयतं पायलं. मामा कुठून आणला तुमी?

मास्तर_गोंडपिपरी
तुमचं नसेल. मी समाजाचं बोलतो.

अनसूया_दर्यापूर
माझं लग्न मामाच्याच मुलाशी, गुरुजी. तीन लेकरं ठणठणीत.

मास्तर_गोंडपिपरी
तुमची तीन ठणठणीत म्हणून जनुकशास्त्र बंद करायचं काय?

अनसूया_दर्यापूर
बंद नका करू, पुरतं वाचा. आमच्या गल्लीत एका सुनेला असंच फोडांचं बाळ झालं. सासूनं पाचव्या दिवशी माहेरी धाडली, म्हणे हिच्या रक्तात खोट. नातं लांबलांबपर्यंत नव्हतं. तुमच्यासारख्यांच्या बोलण्यानं तिच्या सासूच्या हातात काठी येते. आणि तुमच्याकडं सिकलसेल, तोही आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, घरोघरी आहे, ते सगळे मामेभावंडं आहेत का?

वणीचा_पप्पू
मास्तर, उत्तर द्या न आता. 😄

लॅबवाली_अकोला
दोन्ही पालक वाहक असले, म्हणजे स्वतः ठणठणीत पण बिघडलेलं जनुक बाळगणारे, तर दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची चारात एक शक्यता. नात्यात लग्न केलं की दोघं एकाच जनुकाचे वाहक निघण्याची शक्यता वाढते, एवढं मास्तरांचं खरं. पण ईबीच्या काही प्रकारांत एकाच पालकाचं जनुक पुरतं, आणि कधी दोघांतही नसतं, बाळातच नवा बदल होतो. सुनेलाच दोष देण्यासारखं यात काही नाही.

मास्तर_गोंडपिपरी
बरं बाई, मामाला निर्दोष सोडलं. सिकलसेलसारखी रक्ततपासणी लग्नाआधी करा म्हटलं तर तेवढं तरी चालेल की त्यावरही मोर्चा काढता?

अनसूया_दर्यापूर
चालेल. नवरदेवाची पहिले करा.

कास्तकार_आर्वी
झालं काय मामापुराण? लॅबवाली ताई, शास्त्राले बोललो ते वापस घेतो, क्लिनिकवाल्याले बोललो ते नाई. एकच सांगा. पुतण्याले भाकर गियता येत नाई, वरणात कुस्करून देतो, तरी घशात अडकते. हे पत्रे अन्ननलिकेत बसतात काय?

लॅबवाली_अकोला
नाही दादा. ते फक्त अंगावरच्या जखमांसाठी.

कास्तकार_आर्वी
तेच म्हणत होतो मी. जाऊ द्या. लाईट गेली हाय, वयनी चुलीवर पाणी कोमट करून रायली, मले गॉज कापून द्या लागते.