आट्रियमला ‘चौक’ म्हणावे का?

प्रश्न : प्राचीन ग्रीक व रोमन घरांविषयी मराठीत लिहिताना ‘औले’ (ग्रीक घरातील आतली उघडी जागा), ‘आट्रियम’ (रोमन घराचे दर्शनी दालन) आणि ‘पेरिस्टाइल’ (खांबांनी वेढलेली उघडी जागा) या तिन्हींसाठी ‘अंगण’ हा एकच शब्द योजावा, की ‘चौक’ अधिक योग्य ठरेल?

उत्तर : ‘अंगण’ तिन्ही ठिकाणी खटकतो, कारण मराठीत अंगण ही मुख्यतः घरापुढची मोकळी जागा असते, आणि ही तिन्ही स्थळे घराच्या पोटात आहेत. पुण्याच्या वाड्यांत चारी बाजूंच्या सोप्यांमध्ये आभाळाकडे उघडी राहणारी जागा म्हणजे चौक, आणि ग्रीक औलेला हाच शब्द चपखल बसतो. इ. स. पूर्व ३४८ मध्ये मॅसिडोनच्या दुसऱ्या फिलिपने उद्ध्वस्त केलेल्या ऑलिंथस या ग्रीक नगरातील अनेक घरांत असा दगडगोट्यांनी फरसबंद केलेला चौक आणि त्याच्या उत्तरेला ‘पास्तास’ नावाची लांब पडवी सापडली आहे. पडवीचे तोंड दक्षिणेकडे असल्याने हिवाळ्यातले कलते ऊन आत येई आणि उन्हाळ्यात छपराची सावली पडे.

आट्रियमला मात्र सरसकट चौक म्हणता येणार नाही, कारण ते मुळात छप्पर असलेले दालन आहे. रोमन वास्तुविशारद व्हिट्रुवियसने आपल्या वास्तुग्रंथाच्या सहाव्या भागात त्याचे पाच प्रकार दिले असून, त्यांपैकी ‘टेस्टुडिनेट’ प्रकारात आभाळ मुळीच दिसत नाही. नेहमीच्या तस्कन प्रकारात छपराचे चारी उतार आत वळलेले असतात. पावसाचे पाणी मधल्या उघड्या चौकोनातून, म्हणजे ‘कॉम्प्लुवियम’मधून, खालच्या ‘इम्प्लुवियम’मध्ये पडते आणि तेथून जमिनीखालच्या साठ्यात जाते. इम्प्लुवियमला ‘हौद’ म्हणण्याचा मोह होतो, पण ते उथळ असते आणि खरी साठवण खाली होते. तेव्हा वरच्याला ‘कुंड’ आणि खालच्याला ‘टाके’ म्हणावे. खुद्द आट्रियमसाठी मूळ शब्द ठेवून पहिल्या उल्लेखात ‘मध्यभागी छप्पर उघडे असलेले दर्शनी दालन’ असा खुलासा करणे बरे. (रोमन विद्वान व्हॅरो हे नाव आट्रिया या एट्रुस्कन नगरावरून आल्याचे सांगतो, तर दुसरी जुनी व्युत्पत्ती धुराने काळवंडलेल्या तुळयांमुळे ते ‘आटर’, म्हणजे काळा, या शब्दाकडे नेते, अर्थ ठरवताना दोन्हींचा फारसा उपयोग नाही.)

पुरवणी : पेरिस्टाइलला ‘खांबांचा चौक’ म्हणण्यास हरकत नसावी. डेलॉस या ग्रीक बेटावरील घरांत तो बहुधा फरसबंद असून खाली पाण्याचे टाके असे, तर पाँपेई या रोमन नगरात त्याच खांबांच्या आत बाग फुलवीत, हा फरक विशेषणाने दाखवावा. तेथील ‘हाउस ऑफ द फॉन’ या घरात दोन आट्रियम आणि दोन पेरिस्टाइल असल्याने, सर्वांना ‘चौक’ म्हटल्यास त्याचा नकाशा समजावून सांगणेच अवघड होईल. शब्दांची अशी गल्लत रोमन लोकांनीही केली होती : ग्रीकांचा ‘आंद्रोन’ म्हणजे पुरुषांची भोजनाची खोली, पण लॅटिनमध्ये तोच शब्द दोन चौकांमधल्या बोळासाठी रूढ झाल्याचे व्हिट्रुवियस स्वतःच नोंदवतो.