सायकल विमानाने लेहला न्यायची आहे : कठीण पेटी घ्यावी की मऊ बॅग?

नमस्कार.

ऑगस्टअखेर पुण्याहून दिल्लीमार्गे विमानाने लेहला जायचे, तिथे उंचीची सवय होईपर्यंत थांबायचे आणि मग खारदुंग ला ओलांडून नुब्रा खोऱ्यात दिस्कित, हुंदरपर्यंत सायकलने जाऊन पुन्हा लेहला परतायचे, असा माझा आणि माझ्या धाकट्या बहिणीचा बेत आहे. लेहमध्ये सायकली भाड्याने मिळतात, हे आम्हाला ठाऊक आहे. परंतु सिंहगडाच्या आणि कात्रजच्या घाटात ज्या सायकलींवर सराव केला, ज्यांच्या सॅडलची उंची आणि हँडलबारचे अंतर अंगवळणी पडले आहे, त्याच सायकली त्या चढावर हव्यात, याविषयी आमच्या मनात शंका नाही. प्रश्न त्या तिथवर धडपणे पोहोचवण्याचा आहे.

दोन्ही सायकलींची फ्रेम ॲल्युमिनियमची, पुढचा फोर्क (पुढचे चाक धरणारा दुबेळका भाग) कार्बनचा, ब्रेक हायड्रॉलिक डिस्कचे आणि चाके थ्रू-ॲक्सलची (मधून आरपार जाणाऱ्या, काढता येणाऱ्या दांड्यावर बसणारी) आहेत. वजन प्रत्येकी सुमारे ११ किलो आहे.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे सायकलच्या दुकानातून नव्या सायकलीचा पुठ्ठ्याचा खोका मागून आणणे. तो हलका असतो, ही त्याची मोठीच जमेची बाजू आहे. मात्र आमच्या गटातील एका मित्राची सायकल अशाच खोक्यातून गेली आणि उतरवून घेतली तेव्हा मागच्या डिरेलरचा (गिअर बदलताना साखळी सरकवणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो भाग फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, आत वाकलेला होता. फ्रेमला इजा होण्याआधी स्वतः वाकावा म्हणूनच तो मुद्दाम नरम धातूचा केलेला असतो. पण प्रत्येक फ्रेमचा हँगर निराळा असल्यामुळे परक्या गावी तो मिळण्याची खात्री नसते. त्यामुळे जादा हँगर बरोबर ठेवणे आणि डिरेलर सोडवून, कापडात गुंडाळून, फ्रेमच्या मागच्या त्रिकोणात बांधणे हे आम्ही कोणत्याही पर्यायात करणारच आहोत. शिवाय ऑगस्टमध्ये पुण्यात पाऊस असतो आणि पुठ्ठा एकदा भिजला की त्याच्यात काही जोर उरत नाही.

कठीण कवचाची पेटी संरक्षणाच्या दृष्टीने निःसंशय उत्तम दिसते. दिल्लीत विमान बदलायचे असल्यामुळे जाताना आणि येताना मिळून सामान चार वेळा विमानात चढवले जाईल आणि त्या पेटीवर इतरांच्या जड बॅगा रचल्या जातील, हे गृहीतच धरले पाहिजे. अडचण वजनाची आहे. अशी रिकामी पेटी १० ते १३ किलो भरते, म्हणजे सायकल ठेवल्यावर एकूण वजन २१ ते २४ किलो होते. देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर साधारणतः १५ किलो सामानच विनाशुल्क नेता येते आणि कपडे, तंबू, अवजारे अजून बाहेरच आहेत. लांबी, रुंदी व उंचीची बेरीज १५८ सेंटिमीटर ही नेहमीची मर्यादा तर पूर्ण आकाराच्या सायकलीची पेटी कोणतीही घेतली तरी ओलांडतेच, म्हणून विमान कंपनीला आधी कळवणे भागच आहे.

दुसरी अडचण पुण्याच्या रस्त्यावरची आहे आणि ती मला वजनाइतकीच महत्त्वाची वाटते. आम्ही नारायण पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतो, इमारतीला लिफ्ट नाही. पहाटे लोहगावला जाण्यासाठी जी टॅक्सी मिळेल तिच्या डिकीत सीएनजीची टाकी असण्याचीच शक्यता जास्त आहे. तशा गाडीत एक कठीण पेटीसुद्धा मावत नाही, मग दोन कुठून मावणार? टपावर कॅरिअर असलेली मोठी गाडी आधी ठरवावी लागेल. परतल्यावर त्या पेट्या वर्षभर दोन खोल्यांच्या घरात ठेवायच्या कुठे, हाही प्रश्न आहेच.

म्हणून माझा कल जाड अस्तराच्या मऊ बॅगेकडे झुकतो आहे. जिच्या तळाशी कडक पाटा असतो, फोर्क आणि मागचे ड्रॉपआउट (फ्रेमची मागचे चाक बसवायची टोके) त्या पाट्यावर घट्ट बसवता येतात आणि चाकांसाठी बाजूला स्वतंत्र कप्पे असतात, अशी बॅग मी पाहतो आहे. तिचे वजन ८ किलोंच्या आसपास आहे आणि रिकामी असताना ती घडी करून दिवाणात ठेवता येते. लेहमध्ये जिथे मुक्काम करू तिथे ती सांभाळून ठेवायला सांगणेही सोपे जाईल.

जाणकारांकडून मला मुख्यतः हे समजून घ्यायचे आहे की, अशा बॅगेवर बाजूने भार आला तर चाकांच्या कप्प्यांतून तो डिस्कच्या रोटरपर्यंत, म्हणजे चाकाला जोडलेल्या ब्रेकच्या पातळ तबकडीपर्यंत, पोहोचतो का. रोटर काढून वेगळे न्यावेत, असा माझा विचार आहे. चाके निघाल्यावर कॅलिपरमध्ये (ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागात) प्लास्टिकची पट्टी घालणार आहे, कारण वाटेत ब्रेकचा लिव्हर दाबला गेला तर पिस्टन पुढे सरकून पॅड एकमेकांना चिकटतात. टायरमधली हवा कमी करावी, पण पूर्ण काढू नये, म्हणजे रिमला थोडा आधार राहतो, असे मला वाटते. सामानाच्या कक्षातही हवेचा दाब राखलेला असल्यामुळे टायर फुटण्याची भीती मला फारशी वाटत नाही.

सुरक्षा तपासणीत बॅग उघडली गेली, तर ज्याला सायकल बांधण्याची पद्धत माहीत नाही अशा माणसाकडून ती पुन्हा नीट बंद होईल का, याचीही मला काळजी आहे. आत बांधणीचे छायाचित्र आणि हिंदीत दोन ओळींची सूचना चिकटवून ठेवण्याचा कुणाला उपयोग झाला आहे का?

पुण्यात कुणाकडे अशी बॅग वा पेटी भाड्याने मिळत असेल, तर कृपया तेही कळवावे. विकत घेण्याआधी एकदा आमची सायकल तिच्यात बसवून, जिन्यावरून उतरवून आणि टॅक्सीत ठेवून पाहण्याची आमची फार इच्छा आहे. कुणी स्वतःची बॅग एक-दोन दिवस देऊ शकत असेल, तर शहरात कुठेही येऊन ती घेऊन जाण्याची आणि परत पोहोचवण्याची जबाबदारी माझी.